तोंडी परीक्षेला गुण किती?

१८९२ मध्ये अरविंद घोष यांची आयसीएस हुकली ती घोड्यापायी. दोन वर्षांपूर्वी लेखी परीक्षेत ते अकरावे आले होते. पण घोडेस्वारीच्या शेवटच्या चाचणीला ते वेळेवर हजर झाले नाहीत आणि सरकारने त्यांना नाकारलं. त्याच सुमारास सयाजीराव गायकवाड लंडनमध्ये होते. भेट झाली, बोलणं झालं आणि दरमहा २०० रुपयांवर अरविंदांना बडोदा संस्थानात नोकरी मिळाली. ना गुणपत्रक, ना यादी. महाराजांच्या पारखी नजरेवर काम भागलं.

प्रत्येक नजर मात्र अशी पारखी नसते. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मुलकी नोकऱ्या संचालकांच्या शिफारशीने मिळत, म्हणजे सरळसरळ वशिल्याने. तो मोडायचा म्हणून मेकॉले समितीच्या अहवालानंतर १८५५ मध्ये लंडनला खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला उमेदवार कोणाचा कोण, याच्याशी देणंघेणं नव्हतं. पण पेपरात हुशार ठरलेला माणूस जिल्हा सांभाळेल का, हा प्रश्न उरलाच. पुढे तोंडी परीक्षा आली, तिला गुण आले, आणि वादाला तोंड फुटलं ते या गुणांच्या वजनावरून.

हे वजन किती पडू शकतं ते १९५० च्या आयएएस परीक्षेत दिसलं. लेखी परीक्षा १०५० गुणांची, मुलाखत ३०० गुणांची. पहिले आलेले एन. कृष्णन यांना लेखीत ६०२ गुण होते आणि मुलाखतीत २६०. अच्युतानंद दास यांना लेखीत त्यांच्याहून जास्त, ६१३ गुण होते. मुलाखतीत मिळाले ११०. ते ४८ व्या क्रमांकावर गेले. लेखीत दासांच्या ११९ गुण मागे असलेले अनिरुद्ध दासगुप्ता मुलाखतीतल्या २६५ गुणांच्या जोरावर २२ वे आले. अनुसूचित जातीतून आयएएसमध्ये आलेले पहिले अधिकारी म्हणून दास यांचं नाव घेतलं जातं. मुलाखतीच्या खोलीत काय बोलणं झालं, हे गुणपत्रक सांगत नाही. दीडशे गुणांची दरी तेवढी दिसते.

१९८० च्या दशकात हा हिशेब सर्वोच्च न्यायालयात गेला.

१९८१ चा अजय हसिया खटला नोकरीचा नव्हता, श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रवेशाचा होता. १५० पैकी ५० गुण मुलाखतीला, आणि एकेक मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकलेली. न्यायालयाने मुलाखतीला १५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आणि मुलाखती टेपवर ध्वनिमुद्रित कराव्यात, असंही सुचवलं. पुढचं प्रकरण थेट भरतीचं होतं. हरियाणा लोकसेवा आयोगाने ६१ पदांसाठी तेराशेहून अधिक उमेदवार मुलाखतीला बोलावले होते. एवढी गर्दी आत घेतली की लेखीत मागे असलेल्यालाही मुलाखतीच्या गुणांवर पुढे काढता येतं. १९८५ च्या अशोककुमार यादव निकालात न्यायालयाने सांगितलं, पदांच्या दुप्पट, फार तर तिप्पट उमेदवार बोलवा; आणि खुल्या गटासाठी मुलाखतीला १२.२ टक्क्यांहून जास्त वजन देऊ नका. हा आकडा आला होता यूपीएससीकडून. तिथे तेव्हा २०५० पैकी २५० गुण मुलाखतीचे होते.

आज दिल्लीच्या शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाउसमध्ये ही मुलाखत साधारण अर्धा तास चालते. मंडळापुढे उमेदवाराने भरलेला तपशीलवार अर्ज असतो. लेखीचे गुण मात्र नसतात. गाव, पदवी, आधीची नोकरी, छंद, कशावरूनही प्रश्न येतो. छंदाच्या रकान्यात ‘ट्रेकिंग’ लिहून ठेवलं की सह्याद्रीतल्या गडकिल्ल्यांची तयारी आलीच. पुण्याच्या पेठांमधल्या क्लासमध्ये लेखीचा निकाल लागला रे लागला की मॉक इंटरव्ह्यूचे फलक झळकतात आणि निवृत्त अधिकारी खोटं मंडळ मांडून बसतात.

खालच्या पदांपुरता केंद्राने मुलाखतीचा विषयच संपवला. १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद झाल्या; टायपिंगसारख्या कौशल्य चाचण्या तेवढ्या राहिल्या, त्याही नुसत्या पात्रतेपुरत्या. महाराष्ट्रात राज्यसेवेचं पारडं मात्र किंचित उलट्या बाजूला झुकलं आहे. एमपीएससीच्या जुन्या पद्धतीत मुख्य परीक्षा ८०० गुणांची आणि मुलाखत १०० गुणांची होती, म्हणजे एकूण गुणांच्या ११.१ टक्के. वर्णनात्मक पेपरांच्या नव्या पद्धतीला विरोध करत विद्यार्थी २०२३ मध्ये पुण्यात रस्त्यावर उतरले आणि ती २०२५ पर्यंत पुढे ढकलली गेली. या पद्धतीत यूपीएससीप्रमाणेच लेखी १७५० आणि मुलाखत २७५ गुणांची आहे. म्हणजे १३.६ टक्के.