धरून चालण्याची कुळकथा

रहिमतपूर भागात आल्याचा भाव गाडीवर सांगतात. गाडी म्हणजे पाचशे किलो. बांधावर टेंपो उभा असला तरी हिशेब गाडीचाच, आणि ‘कुठली गाडी?’ असं कुणी विचारत नाही. काटा बरोबर आहे, मी पाहतोय तेच आलं व्यापारीही पाहतोय, उद्याही सूर्य उगवणार आहे, हे कुणी बोलत नाही. मनातसुद्धा म्हणत नाही. नुसतं धरून चालतात. तत्त्वज्ञानात याला नैसर्गिक भूमिका म्हणतात. ती माणसाइतकीच जुनी असावी. तिच्याकडे बोट दाखवणारे मात्र मोजके निघाले.

आपल्याकडचा मोठा मान शंकराचार्यांचा. ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रस्तावनेत, म्हणजे अध्यासभाष्यात, ‘हा मी, हे माझं’ या लोकव्यवहाराला त्यांनी नैसर्गिकच म्हटलं आहे. दाखलाही गोठ्यातला वाटावा असा. काठी उगारलेला माणूस दिसला की जनावर पळतं, हातात हिरवा चारा दिसला की जवळ येतं. व्यवहारात शहाणासुरता माणूसही याहून वेगळं काही करत नाही. शास्त्री-पंडितांनाही त्यांनी यातून सूट दिलेली नाही, हे मला विशेष आवडतं. पण आचार्यांचा निकाल कडक: या व्यवहाराच्या मुळाशी अविद्या आहे.

युरोपात ही गोष्ट फार उशिरा पुढे आली. झुरिकचे प्राध्यापक रिचर्ड अव्हेनारियस यांनी १८९१ साली, सगळे सिद्धान्त येण्याआधी माणसाला जग कसं सापडतं, यावर पुस्तक लिहिलं. एडमुंड हुसर्ल (१८५९-१९३८) मूळचे गणिती. त्यांनी १९१०-११च्या हिवाळ्यात ग्यॉटिंगेनला व्याख्यानं देताना हा धागा उचलला आणि १९१३च्या ‘इडीन’ या ग्रंथात नैसर्गिक भूमिकेचं सविस्तर वर्णन केलं. जग आहेच, हा आपला विश्वास खोटा आहे असं ते म्हणत नाहीत. तो तात्पुरता कंसात ठेवा, वापरू नका, म्हणजे जग आपल्याला कसं प्रतीत होतं ते दिसेल, एवढंच त्यांचं मागणं. या थांबण्याला त्यांनी ग्रीक संशयवाद्यांचा ‘इपोखे’ हा शब्द घेतला. त्या संशयवाद्यांचा मूळपुरुष पिऱ्हो सिकंदराबरोबर हिंदुस्थानात येऊन इथल्या नग्न साधूंना भेटला होता, असं जुना चरित्रकार डायोजेनिस लेअर्शियस सांगतो. त्यावरून ‘सगळं आमच्याकडूनच गेलं’ म्हणायचा मोह आवरलेला बरा.

पुढची कलाटणी दिली आल्फ्रेड शूट्झ यांनी. व्हिएन्नात दिवसा बँकेचं काम आणि उरलेल्या वेळात तत्त्वज्ञान, असा त्यांचा क्रम. १९३२ साली त्यांचं समाजशास्त्रावरचं मुख्य पुस्तक आलं. नाझींमुळे देश सोडावा लागला आणि १९३९ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. १९४५च्या एका निबंधात त्यांनी हुसर्ल यांची युक्ती उलटी फिरवली. तत्त्वज्ञ विश्वास बाजूला ठेवतो. साधा माणूसही काही तरी बाजूला ठेवतो, ते म्हणजे शंका. जग दिसतं तसं नसेल, ही शंका तो कंसात ठेवतो, म्हणून तर त्याचा दिवस पार पडतो.

सातारा भागात आल्याच्या खरेदीत ‘नवं-जुनं वेगळं करायचं की सरसकट घ्यायचं’ यावरून शेतकरी आणि व्यापारी भांडले, तेव्हा कालपर्यंत न बोलता चाललेला सौदा एकदम बोलण्याचा विषय झाला. कंसातली शंका बाहेर आली. शूट्झला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

माझा कौल शूट्झ यांनाच. रोजच्या जगाला चूक न ठरवता आणि ते सोडून दूर न जाता, ते उभं कशावर आहे हे त्यांनी पाहिलं. तरी ज्याला या विषयात शिरायचं असेल त्याने जर्मन ग्रंथांच्या वाटेला लगेच जाऊ नये. आधी अध्यासभाष्य वाचावं. ते अगदी छोटं आहे.