जळालेलें दप्तर

सरकारी दप्तर सांभाळणें हें रहिवाशाचें काम नव्हे. मग तें नष्ट झाल्यास त्याचा दंड त्यानें कां भरावा? हा प्रश्न रोमइतका जुना आहे. इ. स. पूर्व ८९ च्या कायद्याप्रमाणें मित्रनगरींत नोंदलेल्या, इटलींत वास्तव्य असलेल्या व साठ दिवसांत प्रेटर या न्यायाधिकाऱ्यापुढें नांव देणाऱ्या मनुष्यास रोमचें नागरिकत्व मिळे. आर्किआस या ग्रीक कवीनें तें मिळविलें होतें, पण इ. स. पूर्व ६२ मध्यें त्याजवर खटला भरण्यांत आला. वादीनें हेराक्लीया नगरीचें नोंदणीपुस्तक मागितलें. तें तर युद्धांत जळालेलें! रोममध्यें बिऱ्हाड नव्हतें, शिरगणतींत नांव नाहीं, हेही आक्षेप निघाले. वास्तविक त्याची सारी चीजवस्त कित्येक वर्षें रोममध्येंच होती. मागील शिरगणतीच्या वेळीं तो सेनापति लुकुल्लसबरोबर मोहिमेवर होता. सिसरोनें त्याची बाजू मांडतांना प्रेटरच्या वहींतील नोंद दाखविली, हेराक्लीयाहून आलेले प्रतिष्ठित साक्षीदार पुढें केले, आणि असलेला पुरावा सोडून नसलेलाच मागण्यांतील हास्यास्पदता उघड केली. जिवंत माणसांच्या ग्वाहीपेक्षां राख झालेल्या कागदास अधिक मोल देण्याची रीत इतकी जुनी आहे. आज त्या खटल्याच्या निकालाची नोंदही उरलेली नाहीं. उरलें आहे तें वकिलाचें भाषण.