अंगावर काढणें

‘दुखणें अंगावर काढणें’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत इतका रुळला आहे कीं, त्यांत थांबून विचार करण्याजोगें कांहीं आहे असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. त्या शब्दांत तक्रार कमी व कौतुकच अधिक आहे. अंगांत ताप असतां जो पेरणीस जातो तो मर्द आणि चार दिवस अंथरूण धरतो तो नाजूक, असा आमच्या परभणीकडील खेड्यांतला न्याय आहे. आणि कापसाची वेचणी व कर्जाचा हप्ता दारांत उभे असतां दुसरा न्याय चालणेंहि कठीण. परंतु कांहीं दुखणीं अशीं आहेत कीं, तीं अंगावर काढणाऱ्यास त्याची किंमत दोनदां द्यावी लागते. एकदां रुग्णालयांत व पुन्हां न्यायालयांत.

माझे थोरले मामा सेलूकडील एका खेड्यांत शेती करीत. वय सत्तरीच्या पुढें, शरीर काटक, दवाखान्याचा तिटकारा. रात्रीं चार-पांच वेळां उठावें लागे, तें त्यांनीं म्हातारपणाच्या खातीं टाकलें. पुढें कंबर धरली. तालुक्याच्या गांवीं एक डॉक्टर होते. त्यांचें नांव येथें घेण्याचें प्रयोजन नाहीं. त्यांनीं दीड वर्ष कंबरदुखीचीं इंजेक्शनें व गोळ्या दिल्या, पट्टा बांधावयास सांगितलें. लघवीची विचारपूस झाली नाहीं, बोटानें तपासणी झाली नाहीं, रक्त तपासलें नाहीं. मग एके सकाळीं मामांचे पाय उचलेनात. मोठ्या शहरांत नेऊन छायाचित्रें काढलीं तेव्हां कळलें कीं, प्रोस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग मणक्यांत पसरला आहे. घरांतील एक तरुण वकील लगेच म्हणाला, “दावा लावूं.” मी वैद्य नव्हे, वकीलहि नव्हे, महाविद्यालयांत इतिहास शिकवितों. तरी हा उशीर नेमका कोणाचा, हें कळावें म्हणून मीं जीं पुस्तकें व जे निवाडे चाळले, त्यांचा हा वृत्तांत आहे.

ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशीं, मूत्रमार्गास वेढून असते, आणि उतारवयांत बहुतेक पुरुषांची ती थोडीबहुत वाढते. सुश्रुतानें उत्तरतंत्रांत मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील वाताष्ठीलेचें वर्णन, म्हणजे गुदमार्ग व बस्ति यांच्यामध्यें दगडासारखी घट्ट गाठ होऊन मूत्र अडणें, हें वाचतांना आजच्या वैद्यास याच ग्रंथीची आठवण होते. पण वाढ निराळी व कर्करोग निराळा. लंडनचे शल्यवैद्य जॉन अॅडम्स यांनीं १८५३ सालीं सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें या कर्करोगाचें वर्णन केलें, तेव्हां त्यांनीं त्यास अति दुर्मिळ रोग म्हटलें. आज जगांतील पुरुषांच्या कर्करोगांत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या खालोखाल याचा क्रम लागतो. रोग इतका बदलला असें नव्हे. माणसें अधिक जगूं लागलीं, आणि वैद्य शोधूं लागले.

उपचाराचा इतिहास त्याहून विलक्षण आहे. १८९३ सालीं फिलाडेल्फियाच्या विल्यम व्हाइट यांनीं, ग्रंथीची नुसती वाढ झालेल्या म्हाताऱ्यांचे वृषण काढावे असें सुचविलें. कांहीं वर्षें तसें पुष्कळ झालें आणि मग ती रीत मागें पडली. पुढें शिकागो येथें चार्ल्स हगिन्स यांनीं कुत्र्यांवर प्रयोग आरंभिले. कारण माणसाखेरीज या ग्रंथीच्या विकारांनीं सहसा पिडला जाणारा प्राणी तोच. वृषणांतून येणारा रस तोडला कीं ग्रंथी आकसते, हें त्यांनीं पाहिलें. आणि १९४१ सालीं क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासह प्रसिद्ध केलें कीं, पसरलेला कर्करोगहि वृषण काढल्यानें किंवा स्त्रीरस दिल्यानें ओसरतो. हाडांच्या वेदनेनें तळमळणारे रोगी थोड्याच दिवसांत उठून बसूं लागले. कर्करोग हा स्वतंत्र राजा आहे, शरीराचा कोणताहि हुकूम तो मानीत नाहीं, अशी तोंपर्यंतची समजूत होती. ती येथें मोडली. हगिन्स यांस या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें तें मात्र १९६६ सालीं, पंचवीस वर्षांनीं.

कृत्रिम स्त्रीरस, स्टिल्बेस्ट्रॉल, लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनीं १९३८ सालींच तयार केला होता. तो स्वस्त, तोंडानें घेण्याजोगा. म्हणून जगभर चालला. पुढें साठाव्या दशकांत अमेरिकेंतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतून पाहणी झाली तेव्हां दिसलें कीं, मोठ्या मात्रेंत घेणारे रोगी कर्करोगानें कमी पण हृदयविकारानें अधिक मरत होते. अँड्र्यू शॅली यांनीं मेंदूंतील ज्या द्रव्याच्या हुकमानें हा रस स्रवतो त्याची घडण १९७१ सालीं उलगडली. १९७७ चें नोबेल त्यांस वांटून मिळालें, आणि त्यावरून महिन्या-तीन महिन्यांनीं टोंचण्याचीं औषधें निघालीं. त्यांतहि एक फसवा भाग आहे. पहिली टोंचणी रस आधीं वाढविते व मग उतरविते. मणक्यांत गांठी असलेल्या रोग्यास दुसऱ्या औषधाचें संरक्षण दिल्यावांचून ती दिली तर दुबळे पाय कायमचे जाऊं शकतात. २०११ सालीं आबिराटेरोन आलें, व २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तें अत्यावश्यक औषधांच्या यादींत घेतलें. इतकें होऊनहि गरिबाचा उपचार बहुधा हगिन्सचाच राहिला आहे: एकदां लहानशी शस्त्रक्रिया, पुन्हां खर्च नाहीं, खेपा नाहींत. खेड्यांत तिला निराळा शब्द लागत नाहीं. गोऱ्हा खच्ची करतात हें पोरासोरांनाहि ठाऊक असतें, आणि त्या शब्दाच्या भयानें कित्येक म्हातारे सही करीत नाहींत. मामांनीं केली. “औत तर सुटलंच आहे,” एवढेंच ते म्हणाले, आणि आठवड्याच्या आंत कित्येक महिन्यांनीं प्रथमच रात्रभर झोंपले.

ज्या १९४१ सालीं शिकागोचा तो निबंध निघाला, त्याच सालीं २८ फेब्रुवारीस मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. परभणी त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होती. येथून मुंबई रेल्वेनें सुमारें साडेपांचशें किलोमीटर, आणि मनमाडला गाडी बदलण्याचा तो त्रास १९९० च्या दशकापर्यंत चालू होता. औरंगाबादेस वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालीं निघालें, नांदेडास १९८८ सालीं. औरंगाबादचें सरकारी कर्करोग रुग्णालय २०१२ चें, आणि खुद्द परभणीचें वैद्यकीय महाविद्यालय २०२३ चें. सन १९८७ मध्यें बार्शी येथें देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदवही सुरू झाली, आणि तिच्यांत भूम व परांडा हे मराठवाड्यांतले दोन तालुकेहि घेतले गेले. त्यापूर्वीं आमच्याकडील खेडूत कशानें मेला हें लिहून ठेवणारें कोणी नव्हतें. उशिराचें माप घेण्यास निदान वही तरी हवी.

आतां कायद्याकडे वळतों. मराठी मुलुखांत डॉक्टरावरील दाव्याचा जुना व प्रसिद्ध निवाडा जोशी विरुद्ध गोडबोले हा होय. रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर १९५३ सालीं विशीच्या एका तरुणाची मांडी मोडली, त्यास मोटारीनें पुण्यास नेलें, व उपचार चालू असतां तो दगावला. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय लागला १९६८ सालीं, आणि बापाच्या पदरीं पडले ३,००० रुपये. दुसरा खटला आमच्याच मराठवाड्यांतला, खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयांत १३ जुलै १९६३ रोजीं एका बाळंतिणीची संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. १९ तारखेस पोट पुन्हां उघडलें तेव्हां आंत फडका राहिलेला सांपडला. २४ तारखेस ती वारली. मूळ न्यायालयानें ३६,००० रुपये दिले, उच्च न्यायालयानें तें फिरविलें, व सर्वोच्च न्यायालयानें २० फेब्रुवारी १९९६ रोजीं तेंच पुन्हां कायम केलें. पोटांत फडका सांपडावा, यापेक्षां उघड पुरावा तो कोणता! तरी बत्तीस वर्षें लागलीं. जें मूल तिनें त्या आठवड्यांत प्रसविलें, तें तोंवर बत्तीस वर्षांचें झालें असेल.

या दिरंगाईवर उपाय म्हणून ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ सालीं आला, आणि डॉक्टरहि त्याच्या कक्षेंत येतात असें १३ नोव्हेंबर १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. मात्र जेथें सर्वांनाच उपचार फुकट मिळतो तें रुग्णालय त्यांतून वगळलें. म्हणजे ज्याच्या खिशांत फी आहे तो ग्राहक. ज्यास सरकारी दवाखान्यावांचून गति नाहीं, त्यास खोडव्यांचीच लांबची वाट. या निर्णयाचें कायदेशीर तर्कशास्त्र मला समजतें, पण पटत नाहीं. मामांनीं फी दिली होती, म्हणून ते ग्राहक ठरत होते.

पण ग्राहक ठरून काय सिद्ध करावयाचें? इंग्लंडांत १९५७ सालीं बोलम खटल्यांत जी कसोटी सांगितली गेली व जी आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २००५ सालीं मान्य केली, ती अशी कीं, त्या धंद्यांतील समंजस माणसांनीं जें केलें असतें तें या डॉक्टरानें केलें कीं नाहीं. सत्तरीच्या पुरुषाची दीड वर्ष न थांबणारी कंबरदुखी पाहून समंजस वैद्य छायाचित्र काढवील, एवढें बहुधा म्हणतां येईल. रक्ताच्या तपासणीविषयीं तितकें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. पीएसए नांवाची ही तपासणी अमेरिकेंत १९८६ सालीं रोगाच्या देखरेखीसाठीं व १९९४ सालीं शोधासाठीं मान्य झाली. पण पुष्कळ म्हातारे हा रोग घेऊन मरतात, रोगानें मरत नाहींत, आणि सरसकट तपासल्यानें निरुपद्रवी गांठींवरहि सुऱ्या चालल्या. ज्या रिचर्ड अॅब्लिन यांनीं १९७० सालीं या ग्रंथींतील विशिष्ट द्रव्याचा शोध प्रसिद्ध केला, त्यांनींच २०१० सालीं वृत्तपत्रांत लिहून या सरसकट तपासणीचा निषेध केला. तेव्हां ‘रक्त तपासलें नाहीं’ एवढ्यानेंच दोष लागत नाहीं. मामांचें रात्रीचें उठणेंहि कदाचित् नुसत्या वाढीचें असेल.

दुसरी अडचण अधिक कठोर आहे. उशिरानें काय नेलें? इंग्लंडांत ग्रेग विरुद्ध स्कॉट या खटल्यांत कांखेंतील गांठ साधी समजून डॉक्टरानें रोग्यास परत पाठविलें. कर्करोगाचें निदान नऊ महिने लांबलें. बरें होण्याचा संभव शेंकडा ४२ होता, तो २५ वर आला. २००५ सालीं तेथील वरिष्ठ न्यायाधीशांनीं तीन विरुद्ध दोन अशा मतांनीं दावा फेटाळला. कारण संभव मुळांतच निम्म्याहून कमी होता, म्हणजे वेळेवर निदान होऊनहि तो माणूस बहुधा बरा झालाच नसता! शेंकडा सतरा हा आंकडा हिशेबांत बसत नाहीं असें तीन विद्वानांस वाटलें. मला तर त्या रोग्याचे सतरा आणे गेलेसे वाटतात.

तिसरा निवाडा मुंबई-गोव्याकडचा, व तोच माझ्या मनांतून जात नाहीं. गोव्यांतील सरकारी रुग्णालयांतील एका परिचारिकेची १९९३ सालीं मुंबईंत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. पुढें नऊ वर्षें ती पोटदुखी सोशीत, गोळ्या घेत राहिली. २००२ सालीं पुन्हां पोट उघडलें तेव्हां आंत जाळीचें कापड निघालें. तक्रार २००४ सालीं दाखल झाली, आणि २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती मुदतीबाहेरची ठरविली. दोष लपलेला असेल तर मुदत तो कळल्यापासून, किंवा वाजवी दक्षतेनें कळूं शकला असता तेव्हांपासून, चालू होते, हें न्यायालयानें मान्य केलें; पण इतकीं वर्षें दुखत असतां, स्वतः परिचारिका असतां, तिनें त्या शल्यवैद्यांस एकदांहि कां विचारलें नाहीं? तिनें अंगावर काढलें, हा तिचा दोष ठरला. मुदत दोन वर्षांची आहे व २०१९ च्या नव्या कायद्यांतहि तितकीच राहिली. सबळ कारण दाखविल्यास उशीर माफ होऊं शकतो, पण सोसणें हें सबळ कारण मानल्याचें या निवाड्यांत तरी दिसत नाहीं.

हें सर्व मीं मामांस वाचून दाखविलें नाहीं. वकिलानें मात्र कागद मागितले. तालुक्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर तारखा, गोळ्यांचीं नांवें व ‘कंबरदुखी’ एवढेंच होतें. मीं मामांस विचारलें, लघवीचा त्रास त्यांस सांगितला होता काय? ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, “सून सोबत असायची रे. तिच्यापुढं कसं सांगावं?” डॉक्टरांनीं तिला क्षणभर बाहेर उभें राहावयास सांगितलें असतें तर, असें मीं म्हणालों, त्यावर मामा म्हणाले, “दारात तीस माणसं उभी होती.”

औषधानें दिलेला अवकाश सव्वा वर्ष टिकला. मग दुखणें परत आलें. मामा गेल्या फाल्गुनांत गेले. चिठ्ठ्या व छायाचित्रें एका पिशवींत माझ्याकडे आहेत. वकिलानें नोटीस लिहून ठेविली होती, ती धाडावी कीं नाहीं यावर घरांत दोन तट पडले, आणि त्या घोळांत आषाढांत मुदत संपली.