वाहतं पाणी निर्मळ? आपल्या मांजरेची गोष्ट

हे शहाजानी औरादचं नाही, आपल्या बीदर जिल्ह्यातल्या औरादचं लिहितोय. किल्ल्यावर, देवळांवर, निजामाच्या काळावर इथं पुष्कळ लिहून झालं. मला आज मांजरेतल्या मुक्या जीवांबद्दल लिहायचंय.

मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. लातूरकडून आपल्याकडं येते, बीदरवरून तेलंगणात शिरते, संगारेड्डीकडं उत्तरेला वळते आणि गोदावरीला मिळते. सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास. निजामाच्या राज्यात ही जवळजवळ अख्खी नदी एकाच सरकारची होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली. उदगीर, निलंगा तिकडं गेले, नारायणखेड आंध्रात, आपण म्हैसूर राज्यात. सोयरेधायरे तीन राज्यांत वाटले गेले, तशी नदीही. मरळ आणि वाम माशांना मात्र हे कुणी कळवलं नाही.

आमचे आजोबा म्हणायचे, "वाहतं पाणी निर्मळ." त्यांच्या काळात ते खरंच होतं. नदीत जायचं ते शेण, राख, पालापाचोळा. पाण्यातले सूक्ष्मजीव ते पचवतात. पण पचवताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च होतो. घाण थोडी असली तर वाहतं पाणी तो भरून काढतं. गावं वाढली, गटारं नदीकडं वळली, आणि उन्हाळ्यात नदीचे नुसते डोह उरले की हिशेब चुकतो. शेवाळ माजतं. दिवसा ते प्राणवायू देतं, पण रात्री स्वतःच ओढून घेतं. म्हणून घाण पाण्यातले मासे पहाटे वर येऊन तोंड वासतात.

दुसरं संकट शेतातून आलं. तूर, कापूस म्हटलं की फवारणी आलीच. त्यात वर्षानुवर्षं वापरलेलं एंडोसल्फान माशांना इतकं जहाल, की एका लिटर पाण्यात काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाइतकं, मिसळलं तरी मासे मरतात. सर्वोच्च न्यायालयानं मे २०११ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली.

तिसरं संकट डोळ्यांना दिसतही नाही. आपल्या खाली, हैदराबादजवळ पाटणचेरूला औषधांचे कारखाने आहेत. तिथलं सांडपाणी नक्कावागू ओढ्यातून मांजरेला मिळायचं. तिथले लोक १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढं स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं, म्हणजे प्रक्रिया झालेलं पाणी तपासलं. या केंद्राकडं सुमारे ९० औषध कारखान्यांचं पाणी यायचं. २००७ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही इतकं नसतं! मग त्याच केंद्राच्या पाण्याचा एक भाग ५०० भागांत मिसळून त्यात बेडकाची पिल्लं वाढवून पाहिली. त्यांची वाढ ४० टक्क्यांनी खुंटली. २००९ मध्ये हेही छापून आलं.

पाचशेपट पाणी मिसळूनही पिल्लू खुरटतं, तर "पावसाळ्यात सगळं धुऊन जातं" हे म्हणायला आता आधार काय? शेण नदी पचवते, औषध पचवत नाही. पाण्यात ते दिसत नाही, त्याला वासही येत नाही. मेलेला मासा निदान दिसतो तरी. खुरटलेलं बेडूक कोण मोजणार?

पाटणचेरू आपल्या खालच्या अंगाला, म्हणून तिथलं पाणी आपल्याकडं येत नाही. पण आपलं पाणी खाली जातंच. ते सिंगूर धरणात साठतं. त्याच्या पुढं मांजरा अभयारण्य आहे, १९७८ साली मगरींसाठी राखलेलं. तेच पाणी हैदराबादकरांनी वर्षानुवर्षं प्यायलंय. आज बीदरजवळही औषधांचे कारखाने आहेत. त्यामुळं ही गोष्ट परक्या मुलखातली म्हणून सोडून देता येत नाही.

तीन राज्यं आपापल्या हद्दीतलं पाणी मोजतात. अख्ख्या नदीची नोंद तेवढी माशा-बेडकांच्या अंगावर होते. ती वाचायची तर आधी काय होतं ते माहीत हवं. म्हणून एक विनंती. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: कोणत्या डोहात कोणता मासा मिळायचा, कासव शेवटचं कधी दिसलं, पहिल्या पावसात बेडूक किती ओरडायचे. गावाच्या नावासकट लिहून ठेवा. ही माणसं आहेत तोवरच हे कळणार आहे.