आंधळ्या विक्रेतीचा हिशेब

काल्पनिक जगांत केलेली चोरी ही चोरी होय काय? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु रिचर्ड गॅरियट या अमेरिकन खेळकर्त्यानें तो गंभीरपणें घेतला, म्हणून त्याचें चरित्र आम्हांस लक्षणीय वाटतें.

१९६१ सालीं इंग्लंडांतील केंब्रिज येथें जन्मलेला रिचर्ड वाढला टेक्ससमध्यें. वडील ओवेन गॅरियट अंतराळवीर. १९७३ सालीं ते स्कायलॅबवर सुमारें दोन महिने राहिले. मुलाची दृष्टि अधू, म्हणून ती वाट त्यास बंद झाली. (२००८ सालीं तो स्वखर्चानें रशियन यानांतून जाऊन आलाच!) शाळेंत असतांनाच त्यानें संगणकासाठीं वीराचें सोंग घेऊन भुयारें धुंडाळण्याचे २८ खेळ रचले. पुढें १९८० सालीं ‘अकालाबेथ’ व १९८१ सालीं ‘अल्टिमा’ प्रसिद्ध होऊन पैसा व कीर्ति दोन्ही आलीं. १९८३ सालीं त्यानें भावासह ‘ओरिजिन’ ही कंपनी काढली. आतां खेळणारांचीं पत्रें थेट त्याच्याच हातीं पडूं लागलीं, आणि त्यांतून दिसलें तें असें, कीं जिंकण्यासाठीं हे वीर खुशाल चोरी करीत व निरपराध्यांस मारीत.

१९८५ सालच्या चौथ्या ‘अल्टिमा’ंत म्हणून मारावयास दुष्ट राजाच नाहीं. सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म व नम्रता हे आठ गुण अंगीं बाणवून ‘अवतार’ व्हावयाचें. शब्द आपला; पण आपल्याकडे देव खालीं उतरतो, येथें माणूस वर चढतो. वनस्पति विकणारी बाई आंधळी. किती मोहरा द्यावयाच्या हें गिऱ्हाइकानेंच ठरवावें. कमी दिल्या तरी ती बोलत नाहीं. मात्र संगणक तें विसरत नाहीं, आणि पुढें सत्याची पायरी चढतांना ती लबाडी आडवी येते. ही आंधळी बाई आम्हांस सर्व खेळाहून मोठी वाटते. अर्थात्, दानानें करुणा वाढते हें एकदां कळलें, कीं हिशेबी पोरगा दानही हिशेबानेंच करणार!

१९९७ सालच्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्यें हजारों माणसें एकाच जगांत उतरलीं. आतां समोरचा बळी जिवंत माणसाचा असे, तरी लुटारूंचा सुकाळ झाला. चांचणीच्या काळांत ‘लॉर्ड ब्रिटिश’ या नांवानें राजा बनून आलेल्या खुद्द गॅरियटलाच एका खेळणारानें जाळून मारलें. त्यावर चालकांनीं जमावावर राक्षस सोडले, आणि नुसतें पाहावयास आलेले पुष्कळजण त्यांत मेले.