चेहरा, भिंग आणि नाव

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा गोंदियाला आला तो नवा डिजिटल कॅमेरा घेऊन. माझ्या कपाटात 1989 साली जुना म्हणून घेतलेला एक रशियन झेनिट कॅमेरा पडून होता. त्याची 58 मिलिमीटरची हेलिओस लेन्स भाच्यानं फिरवून काढली, मध्ये धातूची एक कडी लावली आणि आपल्या नव्या कॅमेऱ्यावर चढवली. “मामू, बसा आता दारात,” म्हणाला. फोकस हातानं जुळवायचा होता. त्याला चांगला अर्धा मिनिट लागला. तेवढ्यात आमच्या चार गोष्टी झाल्या. फोटो पाहिला तर मागचं कडुलिंबाचं झाड भोवऱ्यासारखं गोल फिरत विरघळलं होतं आणि मधोमध माझा चेहरा सुरकुत्यांसकट ठसठशीत होता.

श्रोतेहो, नव्या कॅमेऱ्यावर जुनी भिंगं लावण्याचा हा छंद आज जगभर आहे. काही जण त्याला नुसती हौस म्हणतील. पण या भिंगाचा इतिहास पाहिला, तर तो माणसाच्या चेहऱ्याचा इतिहास आहे असं लक्षात येतं.

1839 साली फ्रान्समध्ये दागेरनं आपली छायाचित्रणाची कृती जाहीर केली. तेव्हाचं भिंग इतकं मंद होतं, की उन्हातसुद्धा काही मिनिटं हलायचं नाही. इमारतींना ते जमे, माणसांना कसं जमणार? व्हिएन्ना विद्यापीठात योझेफ पेट्झवाल नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी 1840 साली केवळ आकडेमोडीच्या बळावर माणसाच्या चेहऱ्यासाठी खास भिंग रचलं. या हिशेबांसाठी तोफखान्यातले गणितात तरबेज सैनिक त्यांच्या मदतीला दिले होते, असं सांगतात. तोफगोळ्यांचा हिशेब करणारी डोकी चेहऱ्याच्या कामी आली! फोइग्टलेंडर यांच्या कारखान्यात तयार झालेलं हे भिंग आधीच्या भिंगांपेक्षा पंधरा-वीसपट उजेड आत घेई. त्याच सुमारास पत्र्यांवरची रसायनंही सुधारली आणि मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. या भिंगात मध्यभाग स्पष्ट दिसे आणि कडा विरघळत. गणिताच्या दृष्टीनं तो दोष होता, पण चेहऱ्याला मात्र तो मानवला.

आपल्याकडेही ही कला लवकर आली. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत धंदा म्हणून स्टुडिओ थाटला. मात्र याच काळात भिंगाचा दुसराही उपयोग होत होता. 1868 ते 1875 या काळात ब्रिटिश सरकारच्या वतीनं ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो आहेत. चेहरे स्पष्ट आहेत, डोळे आपल्याकडे पाहतात; पण खाली बहुतेक ठिकाणी जात लिहिलेली, नाव नाही. कुणाची तरी आई, कुणाचा तरी भाऊ तिथं नमुना म्हणून उभा आहे.

गावोगावच्या लहान स्टुडिओंनी ही रीत उलटी केली. तिथं माणूस स्वतःच्या पायानं गेला, आपल्या पसंतीचे कपडे घालून. आमचं गोंदिया रेल्वेचं जंक्शन. धान्याचे, बिडीपत्त्याचे व्यापारी, रेल्वेचे नोकर यांची इथं सदा वर्दळ. बाजारात एक जुना स्टुडिओ होता. पडद्यावर रंगवलेला महाल, समोर लाकडी पेटीचा कॅमेरा आणि त्याला पितळी नळीतलं भिंग.

माझ्या अम्मीचा एकुलता एक फोटो तिथलाच. आमच्या घरात फोटोबद्दल संकोच होता; आजोबांना भिंतीवर चित्र खपत नसे. पण 1994 साली अम्मी आणि अब्बा हजला निघाले आणि कागदपत्रांना फोटो लागला. अम्मी स्टुलावर अंग चोरून बसली. म्हातारे फोटोवाले काळ्या कापडाखालून बाहेर आले, पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर आले. मग कॅमेरा सोडून म्हणाले, “चाची, मक्केला आमच्यासाठी काय मागाल?” अम्मीनं मान वर केली. त्या क्षणाचा तो फोटो आहे. आज ती नाही. माझ्या मुलांनी तिला त्या एका फोटोतच पाहिलं आहे. त्या कागदामागं पेन्सिलीनं एक आकडा आहे, निगेटिव्हचा नंबर. पुढं स्टुडिओ मोडला, निगेटिव्ह भंगारात गेले. उरला नुसता आकडा.

तो पितळी नळीचा कॅमेरा आता मिळणार नाही, पण त्यातली सबुरी पुन्हा मिळू शकते. कशी, ते सांगतो. फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यांत मध्ये आरसा असे, म्हणून भिंग आणि फिल्म यांच्यात सुमारे साडेचार सेंटिमीटर अंतर ठेवावं लागे. 2008 पासून आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे आले. त्यांत हे अंतर दोन सेंटिमीटरच्या आसपास असतं. उरलेली जागा ती कडी भरून काढते. कॅमेऱ्याला मेन्यूतून सांगायचं, की लेन्स नसली तरी फोटो घे. छिद्र लहानमोठं करायचं ते भिंगावरची रिंग फिरवून. पडद्यावर चित्र मोठं करून डोळ्याच्या बुबुळावर फोकस जुळवायचा. आणि आपल्या धानाच्या मुलखात एक पथ्य पाळायचं. पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागते. हवाबंद डब्यात दमटपणा शोषणाऱ्या पुड्या टाकून ते ठेवायचं.

एवढा खटाटोप कशासाठी? मोबाइल तर क्षणात फोटो काढतो. पण हातानं फोकस जुळवताना समोरच्याकडे पाहावं लागतं, त्याच्याशी बोलावं लागतं. अर्थात सगळं श्रेय भिंगाचं नाही. 1984 साली पेशावरजवळच्या छावणीत एका अफगाण मुलीचा फोटो निघाला. 105 मिलिमीटरचं निकॉनचं भिंग, हिरवे डोळे. पुढच्या वर्षी तो नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला आणि साऱ्या जगाला तो चेहरा पाठ झाला. तिचं नाव शरबत गुला आहे, हे कळायला मात्र 2002 साल उजाडलं. भिंग उत्तम होतं. नाव विचारायचं राहून गेलं होतं.

भाचा परत जाण्याआधी आम्ही शेजारच्या मावशींचा फोटो काढला. ओसरीवर बसून त्या बिड्या वळत होत्या. फोकस जुळेपर्यंत त्यांनी आम्हाला माहेरची सगळी हकिकत ऐकवली. मग म्हणाल्या, “फोटोखाली माझं नाव लिहिजो बरं बाबू. नाहीतर लोक म्हणतील, कोणाची म्हातारी आहे ही.”

त्या रात्री मी अम्मीचा फोटो काढला आणि मागच्या आकड्याखाली तिचं पूर्ण नाव, गाव आणि साल लिहिलं. आपणही घरातले जुने फोटो एकदा बाहेर काढा. मऊ पेन्सिलच वापरा. शाई पुढच्या बाजूला उमटते. आणि ज्यांना त्या चेहऱ्यांची नावं ठाऊक आहेत, त्यांच्याजवळ आजच जाऊन बसा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)