उदासीन : एका जुन्या गोळीचा इतिहास

आजचा विषय क्लोरप्रोमाझिन. नाव जड आहे, पण मनोविकारावरची आधुनिक औषधं जिथून सुरू होतात ती ही गोळी. आणि तत्त्वज्ञानाच्या माणसानं औषधाच्या इतिहासावर का बोलावं, असं कुणाच्या मनात आलं असेल, तर सांगून टाकतो. मी ती चार वर्षं घेतली आहे.

इतिहास फ्रान्समधला आहे. डिसेंबर १९५० मध्ये रोन-पुलांक कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉल शार्पांतिए यांनी हे द्रव्य तयार केलं. वेडावर औषध शोधावं असा काही बेत नव्हता. नौदलातले सर्जन आंरी लाबोरी शस्त्रक्रियेच्या वेळी शरीराला बसणारा धक्का कमी कसा करता येईल, या शोधात होते. त्यांना दिसलं असं, की हे इंजेक्शन दिलेला माणूस झोपत नाही, बेशुद्धही होत नाही. तो जागा असतो, उत्तरं देतो, पण समोर जे चाललंय त्याचं त्याला फारसं काही वाटेनासं होतं. मग त्यांनी मनोविकाराच्या डॉक्टरांच्या मागे लकडा लावला, की बाबांनो, तुम्ही हे वापरून बघा.

आता जी गोष्ट सांगतो ती पुष्कळ पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकलेली असते. ९ नोव्हेंबर १९५१ रोजी पॅरिसजवळच्या विल्झ्वीफच्या इस्पितळात कॉर्नेलिया क्वार्ती या डॉक्टर बाईंनी हे औषध स्वतःच्या शिरेत टोचून घेतलं. आधी त्यांना फार वाईट वाटलं, आपण मरतोय की काय असं. नंतर एक अलिप्त शांतपणा आला. हे सगळं त्या सांगत होत्या आणि त्याची नोंद होत होती. मग स्वच्छतागृहात जायला म्हणून उठल्या आणि चक्कर येऊन पडल्या. रक्तदाब उतरला होता. झालं, तिथल्या प्रमुखांनी प्रयोग बंद केला.

पुढे १९ जानेवारी १९५२ ला पॅरिसच्या वाल-द-ग्रास या लष्करी इस्पितळात उन्मादाच्या एका रुग्णाला ते दिलं गेलं. वय २४. वीस दिवसांत एकूण ८५५ मिलिग्रॅम, सोबत इतर उपचारही होते, आणि तो घरी जाण्याजोगा झाला. त्याच वर्षी सेंत-आन इस्पितळात जाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी हे एकटंच औषध, इतर कशाची जोड न देता, वापरून दाखवलं. वॉर्डातला आरडाओरडा थांबला, हातापायांचे पट्टे सुटले. हे लहानसहान नाही. ज्यांनी आधीचे वॉर्ड पाहिले होते त्यांना तो चमत्कारच वाटला.

पण गंमत बघा. त्या २४ वर्षांच्या मुलाला किती मिलिग्रॅम दिलं ते आपल्याला आकड्यानिशी माहीत आहे. त्याला आतून काय वाटलं, ते या हकिकतीत कुठे येत नाही. डॉक्टर बाईंना काय वाटलं ते मात्र येतं. औषध घेणारी व्यक्ती डॉक्टर असली की तिचं सांगणं हा पुरावा होतो, रुग्ण असली की ते लक्षण होतं. हे मी तर्काने म्हणत नाही, सोसून म्हणतो.

१९७५ साली मीही २४ वर्षांचाच होतो. प्रबंधाचा विषय होता अद्वैतातली साक्षीची कल्पना. शेजारच्या खोलीतली माणसं भिंतीपलीकडून माझ्या प्रबंधातल्या चुका वाचतायत, असं मला ऐकू येऊ लागलं. दोन महिने झोप नाही. शेवटी थोरल्या भावानं इस्पितळात नेलं. रोज १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. म्हणजे त्या फ्रेंच मुलाचा वीस दिवसांचा कोटा मी तीन दिवसांत पार केला.

आवाज थांबले का? नाही, लगेच नाही. ते चालूच होते, पण दुसऱ्याच्या घरातला रेडिओ चालू असावा तसे. त्या गोळीनं मला वाचवलं, यात मला आजही शंका नाही. घरी आल्यावर आई डब्याच्या झाकणात गोळ्या मोजून ठेवायची. तोंडाला कोरड, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, आणि उन्हाचं तर विचारू नका. एकदा सिंहगडावर गेलो तर चेहरा भाजल्यासारखा लाल. आत्याकडे गेलो की ती कप अर्धाच भरायची, बशीत सांडू नये म्हणून. माझ्या हाताविषयी मात्र कधी एक शब्द बोलली नाही.

माझे एक वडीलधारे गुरुजन मला भेटून म्हणाले, "तुमच्यात वैराग्य आलेलं दिसतं." मला हसायला यायला हवं होतं, ते आलं नाही. उदासीन हा शब्द आपण दुःखी या अर्थानं वापरतो, पण मूळ अर्थ बाजूला बसलेला, तटस्थ. गोळीनं मला बाजूला बसवलं होतं, पण मी स्वतः जाऊन बसलो नव्हतो. साक्षीला पाहणं तरी असतं. मला पाहण्याचीही इच्छा नव्हती.

आणि मग तेही बसणं गेलं. तिसऱ्या महिन्यात पाय ऐकेनात. बसलो की उठावंसं, उठलो की चालावंसं. रात्री दोन वाजता अंगणात येरझाऱ्या. याला अकाथिसिया म्हणतात. ग्रीक शब्द आहे, अर्थ बसता न येणं. हा शब्द १९०१ पासूनचा, म्हणजे या औषधाच्या कितीतरी आधीचा. उदासीन करणारं औषध, आणि बसू देत नाही! मी डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी आजार वाढला असं समजून डोस वाढवला. पाच आठवडे मी काय भोगलं ते इथे सांगत नाही. पुढे एका तरुण डॉक्टरीण बाईंनी माझं बोलणं ऐकताना टेबलाखालचे माझे पाय पाहिले. त्यांनी डोस उतरवला, जोडीला दुसरी गोळी दिली. आठवड्यात मी जेवायला पाटावर बसलो.

त्या काळच्या डॉक्टरांना अगदीच दोष देता येत नाही. शरीर ताठरणं, हात थरथरणं ही औषध लागू पडल्याची खूण आहे, असं मानणारे नामांकित लोक युरोपातही होते. मेंदूतल्या डोपामिनशी याचा संबंध असावा, हे आर्विद कार्लसन यांनी १९६३ मध्ये मांडलं, म्हणजे औषध अकरा वर्षं पोटात गेल्यावर. (मघाशी कुणीतरी सर्पगंधेचं विचारलं. तिच्यातलं रेसर्पिनही १९५४ च्या सुमारास याच कामासाठी वापरात आलं, आणि सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मध्ये जगापुढे ठेवला होता. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय.)

मी १९७८ मध्ये स्वतःच्या मनानं गोळ्या बंद केल्या आणि दीड महिन्यात आवाज परत आले. पुन्हा सुरू केल्या. त्या वर्षभरानं सुटल्या त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

पुष्कळ वर्षांनी मला माझा जुना केसपेपर पाहायला मिळाला. दाखल झाल्यानंतरच्या चौथ्या दिवसाची नोंद मी शोधली, कारण तो दिवस मला नीट आठवतो. खाटेपासून दोन हातांवर पाण्याचा तांब्या होता. घशाला कोरड पडली होती, तांब्या दिसत होता, हात हलत होता, आणि तरी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी तो घेतला नाही. घ्यावा असं आतून काही उठेचना. केसपेपरावर त्या तारखेला दोनच गोष्टी लिहिल्या होत्या : रुग्ण शांत. तक्रार नाही.